स्वतःची संस्था की छत्रसंस्था?

लातूरचा एक गट मराठी कीबोर्डचं मुक्त सॉफ्टवेअर चालवतो. देणग्या घ्यायला स्वतःची संस्था काढावी की छत्रसंस्थेकडे, म्हणजे प्रकल्पाच्या वतीने देणग्या घेणाऱ्या आधीच्याच एखाद्या संस्थेकडे जावं, हा त्यांचा प्रश्न.

संस्थेला 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान 7 सभासद लागतात. मग धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दरवर्षी ऑडिट, पदाधिकारी बदलले की तिथे कळवायचा चेंज रिपोर्ट. परदेशी देणगीसाठी एफसीआरए या परदेशी निधीच्या कायद्याचं वेगळंच. कोड लिहिणारी पोरं कागदांत अडकतात, याचं फार वाईट वाटतं. पण शाळांशी करार करताना आपलीच नोंदणी कामी येते.

डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमसाठी 1997 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ ही छत्रसंस्था देणगीतले 5 टक्के ठेवून हिशेब सांभाळते. प्रकल्पाचे निर्णय तुमचेच. मात्र प्रकल्प तिने स्वीकारायला हवा.

सर्व्हर-डोमेनपुरताच खर्च असेल तर छत्रसंस्था बरी. जालना-बीडच्या शाळांत पगारी माणसं नेमायची असतील, तर स्वतःचीच काढा.