माडीवरच्या खोलीतले केशर आणि शंभर ग्रॅमची अट

घरातल्या एका खोलीत केशर पिकवून वर्षाला दीड लाख रुपये मिळतील, असे सांगून जून २०२४ मध्ये माझ्याकडून १ लाख ७० हजार रुपये घेण्यात आले आणि नोव्हेंबरच्या अखेरीस माझ्या हाती जेमतेम अडीच ग्रॅम केशर आले. दरवर्षी मे-जून महिन्यांत अशा प्रशिक्षणांच्या जाहिराती सुरू होतात आणि माझ्यासारख्या, हाताशी थोडी शिल्लक व एक रिकामी खोली असलेल्या माणसांपर्यंत त्या बरोबर पोहोचतात. म्हणून हा अनुभव तपशिलासह लिहीत आहे.

खासगी शाळेतली माझी नोकरी त्या वर्षी मार्चमध्ये सुटली. भविष्य निर्वाह निधीचे मिळून दोन लाख चाळीस हजार रुपये बँकेत होते. सांगलीतल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर उत्तरेकडची दहा बाय बारा फुटांची एक खोली वापराविना पडून होती. बंदिस्त खोलीत केशर घेण्यासाठी पीयूएफ म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमच्या पॅनेलची शीतखोली आणि चिलर (थंड करणारे यंत्र) लागतो, त्याला पाच-सहा लाखांच्या खाली खर्च येत नाही, असे दोन ठिकाणी ऐकून मी तो विचार सोडला होता. तेवढ्यात ‘कमी भांडवलात घरगुती केशर’ अशी जाहिरात पाहण्यात आली. भिंतींना थर्माकोल, एक साधा एसी आणि लोखंडी घोड्यांवर लाकडी ट्रे एवढ्यावर काम भागते, असे तिच्यात म्हटले होते. मला परवडेल असा खर्च सांगणारी ती पहिलीच जाहिरात होती आणि माझा विश्वास बसायला तेवढे पुरेसे ठरले.

दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचे बारा हजार रुपये भरून मी गेले. जांभळ्या दिव्यांच्या प्रकाशात एका खोलीत ट्रे मांडलेले होते आणि त्यांत लिंबाएवढे टपोरे कंद नीट ओळीने ठेवलेले होते. फूल मात्र एकही नव्हते. जूनमध्ये कंद सुप्तावस्थेत असतात, फुले ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात, असे प्रशिक्षकांनी सांगितले आणि ते खरेच होते. त्यांनी सांगितलेल्या बहुतेक गोष्टी खऱ्या होत्या. काश्मीरमधल्या पांपोरचे केशर, त्याला २०२० मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन, एका फुलात फक्त तीनच लाल काड्या, केशराला बी धरत नसल्यामुळे कंदांपासूनच होणारी वाढ, फुलण्यापुरते अन्न कंदातच साठवलेले असल्यामुळे मातीविना उमलणारी फुले, हे सगळे मी नंतर पडताळून पाहिले आणि त्यात खोट आढळली नाही. एवढ्या खऱ्या माहितीच्या मधोमध एकच खोटा आकडा ठेवला होता. साठ किलो कंदांतून अर्धा किलो केशर निघते, हा तो आकडा.

तो तपासायला भागाकारापलीकडे काही लागत नाही. फूल देण्याजोगा कंद साधारण दहा ग्रॅमचा धरला, तर साठ किलोत सहा हजार कंद बसतात. एका कंदाला सरासरी दीड फूल आले, तर नऊ हजार फुले होतात. वाळवलेल्या एक ग्रॅम केशरासाठी दीडशे ते पावणेदोनशे फुले लागतात. म्हणजे सगळे काही मनासारखे घडले, एकही कंद सडला नाही, तरी हाती पन्नास-साठ ग्रॅम यायचे. सांगितलेल्या आकड्याच्या हा जेमतेम नववा हिस्सा आहे. दीडशे फुलांचा एक ग्रॅम ही माहिती त्यांनी स्वतःच आम्हाला दिली होती आणि ती माझ्या वहीत माझ्याच अक्षरात उतरवलेली आहे. तरीही वर्गात बसलेल्या आम्हा बावीस जणांपैकी कोणीही तो भागाकार करून पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी करारनाम्यावर सह्या झाल्या. तयार केशर तीन लाख रुपये किलो दराने परत विकत घेण्याची त्यात लेखी हमी होती. मात्र पाचव्या कलमात ‘एका हंगामात किमान १०० ग्रॅम, प्रथम प्रतीचा माल’ अशी अट होती. साठ किलो कंदांतून शंभर ग्रॅम केशर निघूच शकत नाही, हे आता मला कळते. ज्याने ही अट लिहिली, त्याला ते त्याच दिवशी ठाऊक होते, असे माझे ठाम मत आहे. तापमान चुकले किंवा कंद वाटेत खराब झाले, तर तो व्यवहारातला तोटा मी समजू शकले असते. पण परत खरेदीची वेळ कधीच येणार नाही अशा बेताने आखलेल्या कराराला माझ्या दृष्टीने फसवणुकीशिवाय दुसरे नाव नाही.

माझे सासरे, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांनी करार वाचून एकच प्रश्न विचारला होता, ‘हे कडकनाथसारखं नाही ना गं?’ कडकनाथ कोंबड्या आणि त्यांची अंडी परत घेण्याची हमी देऊन शेकडो कुटुंबांना कसे बुडवले गेले, ते २०१९ साली इस्लामपूरहून उघडकीस आलेल्या प्रकरणात आमच्या जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. मी अण्णांना म्हटले, कोंबडीला रोज खाद्य लागते आणि गिऱ्हाईक शोधावे लागते, केशराला तर कुठेही भाव आहे, त्यांनी घेतले नाही तर आपण दुकानात विकू. केशर हाती येईल हे मी गृहीतच धरले होते.

चौऱ्याऐंशी हजारांचे कंद आणि चौऱ्याहत्तर हजारांचे घोडे, ट्रे, दिवे, आर्द्रता यंत्र असे सामान ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आले. पैसे मात्र जूनमध्येच, तेही संस्थेच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या खात्यावर, दोन हप्त्यांत घेतले गेले होते. गोणपाटाची पोती सोडली तेव्हा कंद प्रशिक्षणात पाहिलेल्यांपेक्षा बरेच लहान दिसले. लसणाच्या मोठ्या पाकळीएवढे, काही तर शेंगदाण्याहून थोडेच मोठे. फोन केला तर उत्तर मिळाले, ‘ताई, प्रवासात ओलावा उडतो, ट्रेमध्ये ठेवले की फुगतील.’ बिल त्या वेळी मी नीट वाचलेही नाही. त्यावर ‘शोभेच्या फुलांचे कंद, उत्पादनाची हमी नाही’ असे छापलेले होते आणि केशर हा शब्द कुठेच नव्हता.

सप्टेंबरपासून मी दिवसातून तीन वेळा खोलीतले तापमान आणि आर्द्रता वहीत नोंदवत होते. एसी हवा कोरडी करतो आणि आर्द्रता यंत्र ती ओली करते, त्यामुळे दोन्ही यंत्रे एकमेकांविरुद्ध रात्रंदिवस चालत होती आणि ऑक्टोबरचे वीजबिल नेहमीच्या चौपट आले. वीज गेली की थर्माकोल लावलेल्या त्या खोलीत तासाभरात दमटपणा दाटे आणि खालच्या ट्रेमधल्या कंदांवर हिरवट-निळी बुरशी धरे. सडलेला कंद बोटाने दाबला की आतून पिठासारखा भुसभुशीत लागायचा आणि त्याचा आंबूस वास हाताला दिवसभर राहायचा. दर दोन दिवसांनी मी आणि सासूबाई असे कंद वेचून टोपलीत भरत होतो.

पहिले फूल २९ ऑक्टोबरला सकाळी दिसले. पांढरट कोंबातून फिकट जांभळ्या पाकळ्या बाहेर आल्या होत्या आणि त्यांच्यामधून गर्द लाल काड्या खाली झुकलेल्या होत्या. सासूबाईंनी चष्मा लावून चिमट्याने त्या तीन काड्या अलगद वेगळ्या केल्या आणि पांढऱ्या कागदावर ठेवल्या. त्या दिवशी घरात सगळ्यांना आनंद झाला होता, हे मला लिहायलाच हवे, कारण त्या आनंदातच पुढचे तीन आठवडे गेले. नोव्हेंबर संपेपर्यंत मोजून ४१२ फुले आली.

तक्रार केल्यावर पहिले उत्तर ‘तापमान चुकले’ असे आले. मी वहीची पाने पाठवली. ऑक्टोबरच्या मध्यापासूनच्या नोंदी सोळा ते अठरा अंशांच्या होत्या, म्हणजे फुले बाहेर येण्यासाठी हवे तेवढेच तापमान खोलीत होते. मग आर्द्रता चुकली, असे उत्तर आले. त्याच्याही नोंदी पाठवल्या, तेव्हा नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे कंद बिघडले असे सांगण्यात आले. त्यानंतर फोन उचलणे बंद झाले. पैसे जूनमध्ये घ्यायचे आणि निकाल नोव्हेंबरमध्ये लागायचा, अशी या पिकाची रीत असल्यामुळे विकणाऱ्याला पाच महिने मोकळे मिळतात. शिवाय खोली आपली, यंत्रे आपली, काळजी आपली, त्यामुळे दोषही सहज आपल्यावर ढकलता येतो. मी स्वतः कित्येक दिवस माझेच काहीतरी चुकले असे मानत होते.

खरे कारण डिसेंबरमध्ये समजले. ओळखीच्या एका निवृत्त कृषी प्राध्यापकांनी घरी येऊन स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मागितला. न निवडता उचललेले शंभर कंद त्यांनी एकेक करून तोलले. एकूण वजन ५४० ग्रॅम भरले आणि आठ ग्रॅमच्या वरचे त्यात फक्त नऊ निघाले. आठ ग्रॅमच्या खालचा कंद त्या हंगामात बहुधा फुलतच नाही, त्याला आधी मातीत वाढवून मोठा करावा लागतो, असे त्यांनी समजावले. म्हणजे मला विकले गेलेले बहुतांश कंद, खोलीत काहीही केले असते तरी, त्या वर्षी फुलणारे नव्हतेच. कंद दरवर्षी ट्रेमध्येच दुप्पट होतात, हे आश्वासनही त्यांनी खोडून काढले. फुले संपल्यावर कंद मातीत लावावे लागतात, पुढचे काही महिने त्यांना थंडी आणि भरपूर उजेड मिळाला तरच नवे कंद पोसतात, आणि सांगलीत तर फेब्रुवारी संपतानाच उन्हाचा चटका बसू लागतो. खोलीत केशर फुलतच नाही असे मी म्हणत नाही. माझी ४१२ फुले अस्सल होती. पण ते फुलवायला लागणारा मोठा कंद आणि त्यातून उरणारा पैसा, या दोन्हींबाबत मला खोटे सांगितले गेले.

हे समजल्यावर सोलापूरकडच्या माझ्या मामांनी त्यांच्या गावातली गोष्ट सांगितली. तिथे काही वर्षांपूर्वी ‘अमेरिकन केशर’ म्हणून महागडे बियाणे विकले गेले आणि उगवून आली ती करडई. खऱ्या केशराला बी नसतेच. त्यामुळे कोणी केशराचे बियाणे देऊ केले, तर तिथेच बोलणे थांबवावे.

यंदा कोणाला हे करून पाहायचेच असेल, तर त्यांनी पैसे देण्याआधी आपल्यासमोर, विकणाऱ्याने निवडलेले नव्हे तर पोत्यातून आपण उचललेले शंभर कंद तोलून घ्यावेत आणि त्याचे चित्रीकरण ठेवावे. जूनमधल्या दिव्यांच्या खोलीवर न जाता मागच्या नोव्हेंबरमध्ये ज्यांच्या घरी प्रत्यक्ष फुले आली, अशा दोन माणसांना जाऊन भेटावे. बिलावर ‘केशराचे कंद’ आणि त्यांचे किमान वजन लिहून घ्यावे. किमान मालाची अट असलेला परत खरेदीचा करार असेल, तर आधी आपल्या कंदांवरून भागाकार करावा.

फसवणूक झालीच असेल, तर ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार करावी. मी पाच महिन्यांनी केली, तोवर त्या खात्यात काही उरले नव्हते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार चालत नाही, असे मला समोरून सांगण्यात आले होते. परंतु स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहकच ठरतो, अशी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तरतूद असल्याचे वकिलांनी दाखवून दिले. त्या आधारावर माझी तक्रार दाखल झाली आहे.

वकिलांच्या सांगण्यावरून करारनामा, बिल, तापमानाची वही आणि अडीच ग्रॅम केशराची काचेची कुपी मी एका डब्यात घालून ठेवली आहे. तोललेले ते शंभर कंदही एका कापडी पिशवीत बांधून, तारीख लिहून, माडीवरच्या खोलीत ठेवले आहेत.