डेबियन १३ चा आरटी कर्नल: मशीनवर लावून पाहिल्यावर

आम्ही जुन्या मिलिंग आणि लेथ मशीनना नवा कंट्रोल बसवून देतो. गिऱ्हाईक बहुतेक कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतलं. कंट्रोल म्हणजे साधा पीसी, त्यावर मशीन चालवणारं लिनक्ससीएनसी सॉफ्टवेअर, आणि मोटरच्या ड्राइव्हना पल्स देणारं मेसा कंपनीचं इथरनेट कार्ड. यासाठी डेबियन लिनक्सचा ‘लिनक्स-इमेज-आरटी-एएमडी६४’ कर्नल, म्हणजे ठरल्या वेळेत काम उरकणारा रिअल-टाइम (आरटी) कर्नल घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. घ्या. फक्त पीसी फास्ट होईल या आशेनं घेऊ नका. फाइल कॉपी वगैरे कामं यात झाली तर थोडी मंदच होतात.

आमची गरज वेगळी. दर १ मिलिसेकंदाला एन्कोडर (मोटर कुठे आहे ते सांगणारा सेन्सर) वाचायचा, हिशेब करायचा आणि ड्राइव्हला आकडा द्यायचा. हजार वेळा वेळेवर झालं आणि एकदा चुकलं, तरी फॉलोइंग एरर (मशीन सांगितलेल्या जागेपासून मागे पडल्याची चूक) येऊन मशीन थांबतं आणि टूल जॉबमध्ये तसंच राहतं. त्यामुळे सरासरी कितीही चांगली असो, मी बघतो तो कमाल उशीर. चौथ्या पिढीच्या आय५ वर एकीकडे डिस्क घासत, नेटवर्कवरून फाइल ओढत, व्हिडिओ लावून रात्रभर सायक्लिकटेस्ट, म्हणजे हा उशीर मोजणारा प्रोग्राम, चालवली. साध्या कर्नलवर कमाल उशीर दीड मिलिसेकंदाच्या पुढे गेला. आरटीवर ३८ मायक्रोसेकंदांवर थांबला.

हा फरक येतो इंटरप्टच्या, म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेल्या हाकेच्या, वागणुकीतून. साध्या कर्नलमध्ये नेटवर्क कार्डाचा किंवा डिस्कचा इंटरप्ट म्हणजे रांग सोडून थेट काउंटरवर जाणारा ओळखीचा माणूस. तुमच्या थ्रेडची (चालू कामाची) प्रायॉरिटी ९० असली (मोठा आकडा म्हणजे वरचा मान) तरी त्याचं उरकेपर्यंत उभं राहायचं. आरटीमध्ये हार्डवेअरच्या हाकेला तेवढ्यापुरती ओ दिली जाते आणि ड्रायव्हरचं खरं काम एका कर्नल थ्रेडकडे जातं. तो थ्रेडही कोणाची पाळी कधी ते ठरवणाऱ्या शेड्युलरच्या हाताखाली, प्रायॉरिटी ५०. शिवाय ड्रायव्हरमधले बहुतेक स्पिनलॉक (प्रोसेसर अडवून वाट पाहायला लावणारी कुलपं) इथे झोपू शकणारे, म्हणजे वाट पाहताना प्रोसेसर सोडणारे लॉक होतात. खालच्या थ्रेडने लॉक धरला असेल आणि वरचा त्यासाठी अडला असेल, तर खालच्याला तेवढ्यापुरती वरच्याची प्रायॉरिटी मिळते, म्हणजे तो लवकर मोकळा होतो. टायमरसारख्या मोजक्या गोष्टी मात्र जुन्याच पद्धतीने चालतात, आणि तसंच हवं.

मला सगळ्यात आवडलं ते हे की हे थ्रेड ‘पीएस’ कमांडच्या यादीत नावानिशी दिसतात: ‘आयआरक्यू/१२७-ईएनपी३एस०’ वगैरे. कोण त्रास देतंय ते कळतं आणि ‘सीएचआरटी’ कमांडने त्याची प्रायॉरिटी वरखाली करता येते.

अर्धा गुण मी इथेच कापतो. सगळे इंटरप्ट ५० वर म्हणजे कीबोर्ड, साउंड आणि मेसाचं कार्ड एकाच पंगतीला. कार्डाचं उत्तर मिलिसेकंदाच्या आत आलंच पाहिजे, म्हणून कार्ड जोडलेल्या नेटवर्क पोर्टाचा थ्रेड मी ८० वर नेतो, सर्वो लूप (ती दर मिलिसेकंदाची फेरी) चालते त्या कोअरपासून बाजूला ठेवतो आणि पोर्टाचं इंटरप्ट कोअलेसिंग (हाका एकत्र करणं) शून्य करतो. नाहीतर नेटवर्क चिप पाकिटं साठवून मग एकदम हाक मारते. यातलं काहीही रीबूटनंतर टिकत नाही, स्क्रिप्ट ठेवावी लागते. साउंडवाल्यांसाठी ‘आरटीआयआरक्यू’ नावाचं तयार पॅकेज आहे, त्यात आपल्या पोर्टाचं नाव घातलं तरी भागतं.

आरटी मुख्य लिनक्स कर्नलमध्ये इतकं उशिरा का आलं असं वाटत असेल तर ऐका. कर्नलला बाहेरून लावायच्या आरटी पॅचेसचं काम २००४ च्या सुमाराला सुरू झालं आणि मुख्य कर्नलमध्ये ते पूर्ण आलं ६.१२ मध्ये, नोव्हेंबर २०२४ ला. या कामाचे प्रमुख थॉमस ग्लाइक्स्नर यांनी शेवटची पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) व्हिएन्नात लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्सना सोनेरी कागदात बांधून हातात दिली. शेवटपर्यंत अडलं होतं ते ‘प्रिंटके’वर, म्हणजे कर्नलने संदेश छापण्यावर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ११५२०० बॉडच्या सीरियल पोर्टवर एक अक्षर जायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. माझ्या पूर्ण रात्रीच्या कमाल उशिराच्या दुपटीहून जास्त, तेही एका अक्षराला!

प्रिंटर पोर्टवरून थेट स्टेपर चालवणाऱ्यांना मात्र मी हा कर्नल घ्या म्हणून आग्रह करणार नाही. तिथे पल्ससाठी २५ ते ५० मायक्रोसेकंदांचा थ्रेड लागतो, त्यात ३८ चा धक्का बसला की मोटर गुरगुरते. त्यांनी आधी कार्डाचे पैसे काढावेत. बंद सोर्सचा ग्राफिक्स ड्रायव्हर वापरणाऱ्यांनीही थांबावं. आम्ही बोर्डावरचंच ग्राफिक्स वापरतो.

आणि मदरबोर्डच्या पोटात काय चाललंय यावर कर्नलचा काही इलाज नाही. एका ब्रँडेड ऑफिस पीसीत बायोस मधूनच सगळे कोअर थांबवून स्वतःचं काम करत होता, दर वेळी अडीचशे मायक्रोसेकंद. आरटी असो वा नसो, आकडा तोच. आता सेकंडहँड पीसी घेताना पेनड्राइव्हवरून डेबियन चालू करून दुकानातच ‘एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट’ हा असे हार्डवेअरचे उशीर पकडणारा प्रोग्राम लावतो. दुकानदार चहा मागवतो, तोवर निकाल येतो.