किटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू: आधी एक स्टार दिलेला, आता चार

हा रिव्ह्यू मी दुसऱ्यांदा लिहितोय. पहिला थंडीच्या सुरुवातीला रागारागात टाकलेला, एक स्टार, 'काही उपयोग नाही, केस पण खराब झाले' एवढंच. तो काढून टाकला कारण निम्मी चूक माझीच होती, निम्मी कशाला, पाऊण म्हणा.

तर झालं असं की दरवर्षी थंडी पडली की माझ्या डोक्याचे पापुद्रे निघायला लागतात. हेडफोन काढले की त्याच्या काळ्या गादीवर पांढरा भुगा, कीबोर्डच्या फटीत भुगा, आणि कानामागे खाजवून खाजवून लाल. थंडी म्हणजे कोरडेपणा हे डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे उपाय काय तर तेल. रोज रात्री चोपडायचं आणि सकाळी कढत पाण्याने डोकं धुवायचं. दोन दिवस बरं वाटायचं कारण तेलाने खपल्या चिकटून बसायच्या, दिसायच्याच नाहीत, मग तिसऱ्या दिवशी दुप्पट.

शेवटी स्किनच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी डोक्याच्या आधी भुवया बघितल्या, नाकाच्या कडा बघितल्या, कानामागे बघितलं. तिथेही खपल्या होत्याच, पिवळट, तेलकट. म्हणाल्या हा कोरडेपणा नाही, कोंडा आहे. टाळू नुसती कोरडी असेल तर कण बारीक नि पांढरे असतात, झटकले की पडतात, आणि बहुतेक वेळा हातापायाची कातडी पण ओढल्यासारखी होते. माझे हातपाय एकदम ठीक होते, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. कोंड्यामागे मॅलेसेझिया नावाची बुरशी असते, असते सगळ्यांच्याच डोक्यावर, टाळूला सुटणाऱ्या तेलावर जगते, ते तेल फोडल्यावर जे ऍसिड तयार होतं ते काही जणांच्या कातडीला सोसत नाही आणि मग कातडी घाईघाईत गळायला लागते. म्हणजे मी रोज रात्री तिचा पाहुणचार करत होतो राव.

मग ही बुरशी कमी करणारा हा किटोकोनॅझोलचा शाम्पू लिहून दिला. मी काय केलं, नेहमीच्या शाम्पूसारखा केसांना चोळला, फेस आला, अर्ध्या मिनिटात धुवून मोकळा. वर घाई म्हणून रोज. आठवड्याभरात केसांचा काथ्या झाला, खाज जशीच्या तशी. तेव्हाच तो एक स्टार.

परत दाखवायला गेलो तर पहिला प्रश्न, किती वेळ ठेवता? म्हटलं ठेवायचा असतो? त्यांचं तोंड बघण्यासारखं झालेलं. हे औषध आहे, त्याला टाळूवर वेळ मिळाला तरच काम करणार, नुसता फेस करून काय होणारे. तेव्हापासून असं करतो, डोकं ओलं करायचं, थोडासाच शाम्पू बोटांच्या टोकांनी टाळूला लावायचा, केसांना नाही, नखं तर अजिबात लावायची नाहीत, आणि ३ ते ५ मिनिटं तसंच थांबायचं. मी तेवढ्यात दात घासून घेतो. मग कोमट पाण्याने धुवायचं, डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, आणि कंडिशनर फक्त केसांच्या टोकांना. आठवड्यातून २ वेळा, बास. रात्रीचं तेल बंद, हे मात्र जड गेलं.

खाज दुसऱ्या आठवड्यात उतरली. भुगा जायला पूर्ण ४ आठवडे लागले, कानामागे सगळ्यात शेवटी. आता दर १०-१२ दिवसांनी एकदा लावतो कारण ही बुरशी कायमची जात नाही, सोडून दिलं की परत येते, मी एकदा महिनाभर सोडून बघितलंय आणि हेडफोनच्या गादीनेच सांगितलं.

याआधी सॅलिसिलिक ऍसिडवाला पण वापरलेला. तो साठलेल्या खपल्या मऊ करून सोडवतो, त्यामुळे डोकं एकदम स्वच्छ वाटतं, पण माझ्या डोक्यावर दोन-तीन दिवसांत सगळं जसंच्या तसं. ज्यांच्या खपल्या जाड आहेत त्यांना आधी तो आणि मग हा असं पण डॉक्टर सांगतात म्हणे.

आता ज्यांना खरंच कोरडी टाळू आहे त्यांनी हा घेऊच नका, आणखी कोरडं पडेल. तुम्हाला सौम्य शाम्पू, कमी वेळा धुणं, कढत पाणी बंद आणि ग्लिसरीन किंवा युरिया असलेलं टाळूचं लोशन, यानेच फरक पडेल. आणि खपल्या जाड, चांदीसारख्या असतील, कपाळावर उतरत असतील तर सोरायसिस असू शकतो, तिथे रिव्ह्यू वाचत बसण्यात अर्थ नाही, दाखवून या.

तक्रारी आहेतच. केस रखरखीत होतात, कंडिशनर लावला तरी थोडे होतातच. वासही औषधासारखा. आणि किती मिनिटं ठेवायचा ही एकमेव कामाची गोष्ट बाटलीवर मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात छापलीय, आंघोळीला चष्मा लावून कोण जातं? पण स्टार कापलाय तो झाकणाचा. साबणाच्या हाताने उघडतच नाही, दोनदा बाटली पायावर पडली, आता आंघोळीच्या आधीच उघडून ठेवतो.