व्हॉट्सॲपमधला मेटा एआय बरा का वेगळं ॲप बरं?

माझं मत आधीच सांगून टाकतो, व्हॉट्सॲपमधला मेटा एआय (व्हॉट्सॲपच्या मालक मेटा कंपनीचा, विचारलं की उत्तर देणारा चॅटबॉट) आणि चॅटजीपीटी-जेमिनीसारखं वेगळं ॲप, दोन्ही ठेवा पण कामं वाटून द्या. आमच्या नवी मुंबईत ऐरोली-घणसोलीकडे ज्याच्याशी बोलावं तो एकतर "मी सगळं व्हॉट्सॲपवरच विचारतो" म्हणतो, नाहीतर "छे, मी हातच लावत नाही" म्हणतो, आणि दोघंही सेटिंग उघडून बघत नाहीत.

सोय बघितली तर मेटा एआय पुढेच आहे. जून 2024 पासून भारतात व्हॉट्सॲप, इन्स्टा, फेसबुक सगळीकडे आयताच बसलाय, डाउनलोड नाही, नवं लॉगिन नाही. कोपरखैरण्याला माझी वहिनी घरून डबे देते, मेन्यू स्टेटसला आणि इन्स्टाला टाकते. रात्री ती त्याला नुसतं लिहिते, "कोबी आहे, मटकी भिजवलीये, भेंडी थोडीच आहे, उद्याचा मेन्यू आणि वर चार ओळी दे", आणि तो देतो. पनीर घुसवायचा मोह त्याला आवरत नाही तेवढं सोडलं तर काम चोख. उद्या मटकीची उसळ आहे हे मेटाला कळलं तर कळू दे, ते स्टेटसला जाणारच आहे.

पण मग तिने विचारलं, "भावोजी, गिऱ्हाइकांची अख्खी यादी याला टाकू का, सेक्टरप्रमाणे लावून देईल." यादीत नाव, विंग, फ्लॅट नंबर, मोबाइल, आणि शेवटच्या रकान्यात "शुगर आहे, भात नको", "बायपास झालंय, तेल कमी". खरी गोम इथे आहे, कारण ही माहिती वहिनीची नाहीच, गिऱ्हाइकांची आहे, आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही. माणसामाणसांतले व्हॉट्सॲप मेसेज एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड असतात, मधे कंपनीलाही वाचता येत नाहीत, पण मेटा एआयला लिहिलेलं तसं नसतं, ते मेटाकडे पोचतं. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी त्याला टॅग केलं तर तो टॅगवाला मेसेज त्याच्याकडे जातो, बाकीची भांडणं नाही. तरी थकबाकीदारांची यादी टॅग करून टाकणारे सेक्रेटरी असतातच.

वर 16 डिसेंबर 2025 पासून मेटाने नियम केलाय की एआयशी झालेल्या बोलण्यावरून तुम्हाला जाहिराती आणि पोस्ट दाखवणार. युरोपियन युनियन, ब्रिटन आणि दक्षिण कोरिया यातून वगळलेत, आपण नाही. धर्म, राजकारण, तब्येत असले विषय जाहिरातींसाठी वापरणार नाही असं ते म्हणतात, पण म्हणून ते साठवलं जात नाही असं कुठंय? आणि हा सगळाच प्रकार नको म्हणायला बटण ठेवलेलं नाही. व्हॉट्सॲपपुरती एक सुटका आहे, तुमचं व्हॉट्सॲप अकाउंट सेंटरला (मेटाची वेगवेगळी खाती एकत्र जोडायची सोय) जोडलेलं नसेल तर तिथलं बोलणं इन्स्टाच्या जाहिरातींसाठी वापरत नाहीत. वहिनीने ते जोडलं होतं, का तर स्टेटस आपोआप इन्स्टाच्या स्टोरीला जावं म्हणून. आता ती दोनदा टाकते, कुरकुरत.

वेगळ्या ॲपचं काय, तर चॅटजीपीटीला तुमची मावशी कोण, तुम्ही रात्री कोणाच्या रील बघता हे माहीत नसतं, तुम्ही सांगाल तेवढंच. माझ्या हिशेबी मोठा फरक हाच आहे. बाकी तेही काही साधू नाही, तुमच्या गप्पा त्यांच्या एआयला शिकवायला वापरायचं सेटिंग आधीच चालू असतं, डेटा कंट्रोल्समध्ये जाऊन बंद करावं लागतं. टेम्पररी चॅट वापरलं तर त्यातलं लक्षात ठेवत नाहीत, शिकवायला घेत नाहीत आणि 30 दिवसांनी काढतात. कर्जाचा हिशेब, रिपोर्टमधले आकडे, घरातली कटकट असलं काही विचारायचंच असेल तर मी इथे विचारतो, तेही नाव-नंबर काढून.

गुगलच्या जेमिनीला मी वेगळं म्हणायला जरा कचरतो. ते तुमच्या गुगल खात्यावर चालतं, म्हणजे जीमेल, मॅप्स, यूट्यूब सगळं त्याच घरात. शिवाय काही गप्पा माणसं तपासतात आणि तपासलेल्या गप्पा तुम्ही डिलीट केल्या तरी 3 वर्षांपर्यंत राहू शकतात, गोपनीय काही टाकू नका असं गुगल स्वतःच लिहितं. जिओच्या प्लॅनवर फुकट मिळालं म्हणून लोक पगाराच्या स्लिपा चढवतात, सिडकोच्या लॉटरीचा फॉर्म भरायचा म्हणून आधार आणि पॅनचे फोटो टाकतात. अहो, फॉर्ममधला नेमका प्रश्न टाइप करा ना, फोटो कशाला?

एक्सवरचा (म्हणजे आधीच्या ट्विटरवरचा) ग्रोक हा चॅटबॉट टवाळकीला ठीक. लोकांच्या पोस्टवर त्याला शिकवायचं सेटिंग 2024 मध्ये न विचारता चालू केलेलं होतं, एवढं मला पुरे. स्नॅपचॅटचा माय एआय पोरांच्या चॅटमध्ये सगळ्यात वर असतो, तेव्हा घरात कॉलेजचं कोणी असेल तर स्नॅपचं लोकेशन चालू आहे का तेवढं बघा, चालू असेल तर ते माय एआयलाही वापरता येतं.

शेअरच्या बटणाबाबत मात्र कोणाचीच बाजू घेता येत नाही. 2025 मध्ये मेटा एआयच्या वेगळ्या ॲपवर लोकांचे खासगी प्रश्न सगळ्यांना दिसणाऱ्या फीडमध्ये आले, त्याच वर्षी ग्रोकच्या आणि चॅटजीपीटीच्या शेअर केलेल्या गप्पा गुगलवर सापडल्या. उत्तर कोणाला पाठवायचंच असेल तर कॉपी करून पाठवा, लिंक नको.

कायदा म्हणाल तर डेटा संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडलं, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे 2027 मध्ये. तोवर नुसतं कायद्याच्या भरवशावर यादी टाकू नका.

वहिनीचं असं ठरलंय, मेन्यू आणि कॅप्शन मेटा एआयकडे, यादी वेगळ्या ॲपच्या टेम्पररी चॅटमध्ये आणि तीही "डबा 1, सेक्टर 5, भात नाही" एवढीच. नावं तिच्या वहीत आहेत. कंपनीचा ऑफिसचा डेटा हाताळणाऱ्यांना, म्हणजे महापेला आयटीत असाल वगैरे, ही वाटणीसुद्धा चालणार नाही, तुम्ही तुमच्या ऑफिसात काय परवानगी आहे ते आधी विचारा.