बाहेरचा लाकडाचा बॉयलर, घरातली गरम हवा: डक्टमध्ये कॉइल की वेगळा एअर हँडलर?

बाहेर ठेवायचा लाकडाचा बॉयलर म्हणजे एक भला मोठा बंबच. मध्ये जाळ, भोवती पाणी. हे पाणी साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसवर ठेवतात. पंप ते जमिनीखालच्या पाइपांतून घरात आणतो, तिथे ते उष्णता सोडतं आणि परत जातं. पण ज्या घरात फर्नेस (हवा तापवणारं यंत्र), ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) आणि डक्ट (हवा खोल्यांपर्यंत नेणारे बंदिस्त मार्ग) आहेत ते घर पाण्याने तापत नाही, हवेने तापतं. त्यामुळे पाण्यातली उष्णता हवेत कुठे उतरवायची, हे आधी ठरवावं लागतं. बॉयलर कुठला घ्यायचा यावर खूप चर्चा होते आणि ही जोडणी मात्र शेवटी घाईत उरकली जाते. घर नीट तापणार की नाही, हे पुष्कळदा याच जोडणीवर ठरतं.

मार्ग मुख्यतः दोन. पहिला, आहे त्याच फर्नेसच्या डक्टमध्ये गरम पाण्याची कॉइल (पाणी वाहणाऱ्या नळ्यांची पातेदार जाळी) बसवायची आणि जुन्याच ब्लोअरने हवा ढकलायची. दुसरा, स्वतःचा ब्लोअर आणि कॉइल असलेला वेगळा एअर हँडलर फर्नेसच्या बाजूला उभा करून तो त्याच डक्टना जोडायचा.

कॉइलचा मार्ग

कामाच्या दृष्टीने हाच सोपा. फर्नेसच्या पुढे पत्र्याची एक पेटी असते, तिच्यातून सगळ्या डक्ट फुटतात. तिला प्लेनम म्हणतात. कॉइल तिथे, म्हणजे फर्नेसमधून हवा बाहेर पडल्यानंतरच्या बाजूला बसवतात. खोल्यांतली हवा फर्नेसकडे आणणाऱ्या परतीच्या डक्टमध्ये जागा मोकळी दिसते म्हणून ती तिथे बसवण्याचा मोह होतो. तो टाळा. ब्लोअरची मोटर तिच्यावरून जाणाऱ्या हवेने थंड राहते. तीच हवा तापून आली तर मोटर आणि बेअरिंग लवकर जातात. एसीची कॉइल आधीपासून असेल तर गरम पाण्याची कॉइल हवेच्या वाटेत तिच्या पुढे हवी. आधी बसवली, तर हिवाळाभर तापलेली हवा एसीच्या कॉइलवर आदळते आणि आतल्या गॅसचा दाब वाढतो.

या मार्गातली खरी अडचण हवेच्या दाबाची आहे. प्रत्येक कॉइल, प्रत्येक फिल्टर हवेला अडवतो. घरगुती फर्नेसचा ब्लोअर बहुधा सुमारे १२५ पास्कल इतका विरोध धरून बनवलेला असतो. नेमका आकडा फर्नेसच्या पट्टीवर लिहिलेला असतो. समजा, फिल्टर आणि एसीच्या कॉइलसकट आज मोजमाप १०० पास्कल येतंय आणि नव्या कॉइलच्या माहितीपत्रकात ४० पास्कल लिहिलंय. बेरीज १४० झाली. जुन्या धाटणीची मोटर असेल तर हवा कमी होईल. नव्या, स्वतःचा वेग बदलणाऱ्या मोटरीचा ब्लोअर हवा टिकवायला बघेल, पण वीज जास्त खाईल आणि आवाजही वाढेल. हवा कमी झाली की फटका दुहेरी बसतो: लाकडाची उष्णता खोल्यांपर्यंत पुरती पोचत नाही, आणि ज्या दिवशी फर्नेस पेटेल त्या दिवशी तीही अति तापून मधेच बंद पडते. मॅनोमीटरने हा दाब मोजायला अर्धा तास पुरतो. तो न मोजता कॉइल मागवू नका, ही माझी आग्रहाची विनंती.

कॉइलच्या क्षमतेचा आकडाही नीट वाचावा लागतो. तो पुष्कळदा ८२ अंशांच्या पाण्यासाठी दिलेला असतो. खोलीतून येणारी हवा २० अंशांची धरली तर पाणी आणि हवेतला फरक ६२ अंश होतो. प्रत्यक्षात कॉइलपर्यंत ६५ अंशांचंच पाणी पोचलं तर फरक ४५ उरतो, आणि २० किलोवॅटची म्हणून घेतलेली कॉइल १४-१५ किलोवॅटच देते. म्हणून कॉइल गरजेपेक्षा मोठी घ्यावी, प्लेनमचा जवळजवळ पूर्ण छेद व्यापेल अशी. कडेच्या फटी पत्र्याने बंद कराव्यात, नाहीतर हवा कॉइल चुकवून फटीतून निघून जाते.

वेगळा एअर हँडलर

इथे जुन्या ब्लोअरवर भार पडत नाही. कॉइल आणि ब्लोअर एकमेकांना जुळवूनच बनवलेले असतात. फर्नेस उघडून बसावं लागलं तरी लाकडाची उष्णता चालू राहते. जुनी फर्नेस थकलेली असेल, प्लेनम बुटका असेल किंवा दाबाचं गणित आधीच काठावर असेल, तर मी हाच मार्ग निवडेन.

पण दोन ब्लोअर एका डक्टमध्ये हवा सोडू लागले की एकाची हवा दुसऱ्यातून उलटी शिरते आणि खोल्यांत जाण्याऐवजी परतीच्या डक्टमध्ये फिरत राहते. म्हणून दोघांच्याही तोंडाशी एकाच दिशेने उघडणारे डँपर, म्हणजे हवेच्या झडपा, लागतात. फर्नेसचा डँपर अडकून बंद राहिला आणि तशातच ती पेटली तर धोका आहे, त्यामुळे डँपर उघडल्याची खूण मिळाल्याशिवाय फर्नेस पेटूच नये अशी वायरिंग हवी. शिवाय एअर हँडलरने परतीची हवा बंदिस्त डक्टमधून खोल्यांमधूनच घ्यावी. फर्नेसच्या खोलीतली हवा तो ओढू लागला तर चिमणीतला धूर उलटा आत खेचला जाऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. जागा आणि खर्च दोन्ही जास्त लागतात, हे तर उघडच आहे.

बॉयलर आणि कॉइल यांच्यामध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर (दोन बाजूंचं पाणी न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारं उपकरण) घालून पाणी वेगळं ठेवायचं का, असाही प्रश्न येतो. फक्त हवा तापवायची असेल तर सहसा गरज नाही. काही अंश उष्णता तिथेच खर्ची पडते आणि दुसरा पंप लागतो. उघड्या, म्हणजे बिनदाबाच्या बॉयलरमधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा कॉइल उंचावर येत असेल, तर मात्र हा एक्स्चेंजर फायद्याचा ठरतो. एरवी वरच्या भागात हवा शिरून प्रवाह तुटतो.

जमिनीखालचा पाइप

कुठलाही मार्ग घ्या, सगळ्यात मोठी चूक चरातच होते. मिनिटाला ३० लिटर पाणी वाहतंय आणि बॉयलरपासून घरापर्यंत येताना ते फक्त १ अंशाने निवलं, असं धरा. म्हणजे सुमारे २ किलोवॅट उष्णता जमिनीत गेली, दिवसाला ५० युनिट. वाळलेल्या लाकडातून किलोमागे साधारण ४ युनिट मिळतात. बॉयलरने त्यातली ६० टक्के पाण्यात उतरवली, तर या एका अंशापायी रोज २० किलोच्या आसपास लाकूड जळतं. तेवढे ओंडके कोणीतरी तोडून, फोडून, वाळवून रचलेले असतात. वरून चकचकीत थर गुंडाळलेले स्वस्त पाइप पाणी मुरलं की निकामी होतात. कारखान्यातच घट्ट फोम भरलेला, पाणी न शिरणारा पाइप घ्या. बचत करायचीच असेल तर दुसरीकडे करा.

कोण कधी चालेल

थर्मोस्टॅट दोन ठेवणं मला सोयीचं वाटतं: लाकडाचा २१ वर, फर्नेसचा १८ वर. आग विझली आणि घर थंड होऊ लागलं की फर्नेस आपोआप हाती घेते. पाण्याच्या पाइपावर तापमान ओळखणारा स्विच असावा, म्हणजे पाणी थंड असताना ब्लोअर गार हवा फेकत बसणार नाही आणि कॉइल गरम असताना फर्नेस पेटणार नाही. उन्हाळ्यासाठी कॉइलच्या दोन्ही पाइपांवर व्हॉल्व्ह हवेत, नाहीतर एसीची गार हवा तापलेल्या कॉइलवरून जाईल.

बॉयलरला परत जाणारं पाणी ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. भट्टीच्या भिंती त्याहून थंड राहिल्या तर धुरातली वाफ त्यांच्यावर निवते, डांबर साचतं आणि पोलाद गंजतं. मिसळणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह हे सांभाळतो.

जोडणी पूर्ण झाली की ब्लोअर चालू असताना कॉइलच्या दोन्ही पाइपांचं तापमान मोजा. फरक १० अंशांच्या आसपास असेल तर ठीक. २० च्या पुढे गेला तर पाणी कमी वाहतंय: पंप किंवा पाइप लहान पडलाय, किंवा कुठेतरी हवा अडकलीय. फरक ३-४ अंशच आहे आणि तरी घर तापत नाही, तर पाणी भरपूर आहे, हवाच कमी पडतेय. आधी फिल्टर बदलून पाहा, मग कॉइलच्या पात्यांत धूळ बसलीय का ते बघा.