सोलर कंडक्शन ड्रायर : दोन उन्हाळे वापरल्यावर

आमच्या बचत गटात सोलर कंडक्शन ड्रायर, म्हणजे उन्हावर भाज्या वाळवायचं यंत्र, आला त्याला आता दोन उन्हाळे झाले, म्हणून म्हटलं आता लिहावं. आधी आम्ही गच्चीवर जुनी लुगडी अंथरून सगळं वाळवायचो, म्हणजे धूळ, माश्या, अवकाळीची धास्ती, आणि मेथी तर उघड्या उन्हात अशी पिवळी पडायची की विकायला ठेवायची लाज वाटायची.

याचं मूळ माटुंग्याच्या आयसीटीत, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत आहे, जुनी माणसं अजून यूडीसीटीच म्हणतात, १९३३ ला मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली. तिथे शिकलेले वैभव तिडके आणि त्यांचे मित्र यांनी हा ड्रायर बनवणारी एसफोरएस ही कंपनी काढली, २०२३ ला त्यांना अर्थशॉट हा पर्यावरणाच्या कामासाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला त्या बक्षिसापेक्षा त्यामागची कल्पना जास्त आवडते. साध्या ड्रायरमध्ये माल जाळीवर असतो आणि नुसत्या गरम हवेवर वाळतो, इथे काप तापलेल्या काळ्या ट्रेवर थेट टेकलेले असतात, म्हणजे तव्यावर भाकरी टाकावी तशी उष्णता खालून आत शिरते आणि वरून हवा वाफ घेऊन जाते. वीज लागत नाही, आमच्याकडच्या लोडशेडिंगमध्ये हे फार मोठं आहे.

सगळ्यात जास्त शिकवलं टोमॅटोने. दर पडला होता, गटातल्या एका ताईंचे क्रेट पडून होते, आम्ही घाईत जाड जाड काप करून लावले. वरून मस्त कडक झाले, आम्ही खुश, पाकिटं भरून दिली आणि व्यापाऱ्याने आठवड्यात परत पाठवली, आतून बुरशी. वाईट वाटलं खूप. नंतर ट्रेनिंगला आलेल्या इंजिनिअर मुलीने समजावलं की सुरुवातीला पाणी पटापट जातं, मग वेग मंदावतो कारण आतलं पाणी हळूहळू पृष्ठभागापर्यंत यावं लागतं, आणि तेवढ्यात वरचा थर कडक झाला तर ते आतच कोंडतं. या वेगाचाच अभ्यास पोरं लॅबमध्ये वर्षानुवर्षं करतात म्हणे. तेव्हापासून आम्ही पाच मिलिमीटरचेच काप करतो, साल खाली ठेवतो, आणि पाकीट भरायच्या आधी मूठभर माल काचेच्या बरणीत घट्ट झाकून रात्रभर ठेवतो, सकाळी झाकणाला आतून घाम दिसला तर परत ट्रेवर. त्यानंतर एकही पाकीट परत आलेलं नाही.

हिशेब आधीच सांगते, १० किलो टोमॅटोचे जेमतेम ६०० ग्रॅम होतात, ताज्या टोमॅटोत शंभरात पंच्याण्णव भाग पाणीच असतं, तेव्हा दर ठरवताना ते धरा नाहीतर मेहनत फुकट जाईल. कांदा बरा पडतो. मेथी, कढीपत्ता, शेवग्याचा पाला यांचा हिरवा रंग टिकतो, पण त्यांच्यावर पातळ काळं कापड टाकावं लागतं.

कमतरता एकच आणि ती उन्हाची. जुलै-ऑगस्टला ढगाळ दिवस लागले की अर्धवट वाळलेला माल हातात राहतो, रात्री तो परत ओलावा ओढून घेतो, आम्ही सरळ गॅसवर तवा ठेवून उरकतो. केमिकल इंजिनिअरिंगच्या विभागांत सध्या यावरच काम चाललंय, ड्रायरमध्ये पॅराफिन मेण बसवायचं, दुपारी ते वितळताना उष्णता धरून ठेवतं आणि संध्याकाळी गोठताना परत सोडतं, म्हणजे सूर्य मावळल्यावरही दोन-तीन तास वाळवण चालू राहावं. ते खेड्यापर्यंत परवडेल अशा किमतीत आलं तर आमचा गट पहिल्या रांगेत उभा असेल, हे मनापासून सांगते.

घ्यायचा असेल तर गच्चीवर अशी जागा बघा जिथे सकाळी नऊ ते चार सावली पडत नाही, ड्रायरच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्या चढत नाहीत. आणि लसणाला वेगळा ट्रे ठेवा, नाहीतर पुढच्या दोन खेपांच्या टोमॅटोला वास लागतो.