रोज दीड वाजता 'बॅकअप सक्सेसफुल', आणि बॅकअप कुठंच नाही

आधी आकडा सांगून टाकतो, कारण सगळ्यांना तोच विचारायचा असतो. ऑफिसच्या फाइलींची रोज दुसरी प्रत ठेवायला, म्हणजे बॅकअपला, मी मोजलेले 1,08,560 रुपये. ऑगस्ट 2022 मध्ये 63,720 (स्टोरेजचा डबा 27,000, बसवणूक 8,000, वर्षाचं एएमसी म्हणजे देखभालीचा करार 12,000, क्लाउड 7,000, वर 18 टक्के जीएसटी). ऑगस्ट 2023 मध्ये 22,420 आणि ऑगस्ट 2024 मध्ये पुन्हा 22,420. शेवटचा चेक वटला आणि पाचच आठवड्यांनी सगळं उघडं पडलं.

मी करसल्लागार आहे. तालुक्याच्या गावात 22 वर्षं ऑफिस, सात कॉम्प्युटर, चार माणसं. म्हणजे कागद वाचणं हाच माझा धंदा. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'शिकल्यासवरल्या माणसाला एवढं कळलं नाही का?' हे वाक्य मी आतापर्यंत सासुरवाडीपासून पोलीस ठाण्यापर्यंत सगळीकडे ऐकलंय. नाही कळलं. तुमच्या ऑफिसात बॅकअप होतो ना? मग आत्ता उठा, मागच्या मंगळवारची एक फाइल त्यातून काढून उघडून दाखवा. जमलं तर मला हसा.

बॅकअप लावून देणारा माणूस ओळखीतूनच आलेला. एका डॉक्टरांकडे त्याचं काम होतं, त्यांनी नंबर दिला. "काय काळजी करू नका साहेब, तुम्ही फक्त काम करा, बाकी शेड्युलर बघतोय." सातही कॉम्प्युटरवर विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) त्यानं एकेक टास्क लावून दिला. दुपारी दीड वाजता, आमच्या जेवणाच्या वेळी, काळी खिडकी उघडायची, 'फाइल्स कॉपी होत आहेत, कृपया वाट बघा' अशी ओळ यायची, मग टिंग, आणि 'बॅकअप सक्सेसफुल'. ओके दाबायचं, जेवणाचा डबा धुवायला जायचं. दोन वर्षं हे असंच.

18 सप्टेंबर 2024. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, मिरवणुकीत पाय दुखून आलेले. सकाळी मुख्य कॉम्प्युटर, ज्यावर सगळ्या पार्ट्यांचा, म्हणजे अशिलांचा, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला डेटा, तो चालूच होईना. आतून टक, टक, टक असा आवाज. डिस्क गेली हे मलाही कळलं. तरी मी शांत होतो बघा. मुलांना म्हटलं, घाबरू नका, बॅकअप आहे. चहा मागवला.

स्टोरेजच्या डब्यातला शेवटचा फोल्डर 12 ऑगस्ट 2023 चा होता.

तेरा महिने गायब. ऑडिटची मुदत बारा दिवसांवर. मी त्याला फोन लावला. पहिल्यांदा "ड्रायव्हिंग करतोय साहेब". दुसऱ्यांदा "सर्व्हरला इश्यू दिसतोय, संध्याकाळी येतो". तिसऱ्यांदा फोन बंद. तो बंद झाला तो आजतागायत.

मग पुतण्याला बोलावलं. त्यानं शेड्युलरमधला टास्क उघडला, तो कुठली फाइल चालवतो ते पाहिलं आणि ती बॅच फाइल, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीनं द्यायच्या आज्ञांची यादी, नोटपॅडमध्ये उघडली. अकरा ओळी होत्या. त्यातली एकच ओळ खरोखर कॉपी करणारी, रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी-प्रोग्रॅमची. तिच्या पुढं 'रेम' लिहिलेलं. म्हणजे ही ओळ वाचू नको, पुढं जा. पुसायचेही कष्ट घेतले नव्हते त्यानं. त्याखाली 'टाइमआउट 45', म्हणजे 45 सेकंद नुसतं थांब. मग सक्सेसफुलचा निरोप. शेवटी 'एक्झिट 0', म्हणजे शेड्युलरला सांग की सगळं उत्तम झालं.

त्या 45 सेकंदांचा राग माझ्या डोक्यातून जात नाही. नुसतं खोटं बोलून भागत नव्हतं, काम केल्याचं सोंगही आणायचं होतं. फाइल बदलल्याची तारीख 14 ऑगस्ट 2023. दुसऱ्या वर्षाचा माझा चेक 11 ऑगस्टचा. तीन दिवस!

कारण डबा खोलल्यावर कळलं. बाहेर '4 टीबी' चा स्टिकर, आत 500 जीबीची जुनी डिस्क, लेबलवर साल 2014. रोज तारखेचा नवा फोल्डर टाकत टाकत ती वर्षभरात गच्च भरली. नवी टाकायची तर पदरचे पैसे जाणार आणि आपली चोरी उघडी पडणार. त्यापेक्षा एका ओळीपुढं तीन अक्षरं टायपायची, झालं. आणि वर्षाला 7,000 वालं क्लाउड? फुकट मिळणारं 15 जीबीचं खातं, कधीच भरलेलं. त्यात आमच्याशिवाय आणखी पाच-सहा जणांचे फोल्डर. त्या डॉक्टरांच्या पेशंटची बिलंसुद्धा मला दिसली. माझ्या पार्ट्यांची पॅन कार्डं कोणकोण बघत होतं कुणास ठाऊक.

आता जे सांगताना अजून मान खाली जाते ते सांगतो. 2023 चा गणपती. ऑफिसात पाच दिवस बसवतो आम्ही. माळांसाठी प्लग कमी पडला म्हणून कुणीतरी त्या डब्याची पिन काढली. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे एन्ट्री करणारी मुलगी आत आली आणि म्हणाली, "सर, डबा तर बंदच आहे, पिन माळेला लावलीय. तरी सक्सेसफुल कसं म्हणतोय?"

बावीस वर्षांची पोर. एका वाक्यात सगळा गुन्हा उलगडून दिला होता तिनं. आणि मी काय म्हणालो? "अगं, ते क्लाउडवर जातं. तू एन्ट्री संपव आधी." वर हसून असंही म्हणालो की बाप्पाच बघतोय आपला बॅकअप. सगळे हसले. ती नाही हसली. मला तिचा चेहरा अजून दिसतो. त्या दिवशी तो डबा उघडून बघितला असता तर महिन्याभराचाच बॅकअप चुकला असता आणि 2024 चे 22,420 वाचले असते.

माझ्या बाजूनं एवढंच सांगतो की सप्टेंबर होता. करसल्लागाराला सप्टेंबरमध्ये जेवायला वेळ नसतो. आणि आपण पैसे मोजून माणूस कशासाठी ठेवतो? पुन्हा आपणच बघत बसायचं तर एएमसी कसलं?

पण दुसरी खूणही होतीच. 31 जुलैला, रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, डोंगराएवढं काम झालेलं असताना ती खिडकी 45 सेकंद. लक्ष्मीपूजनाला, पूजेपुरतं ऑफिस उघडून कुणी एक फाइल उघडली नाही, तेव्हाही 45 सेकंद. रोजचा बॅकअप ठरल्यासारखा तेवढाच वेळ घेत असेल तर आधी संशय घ्या.

आणि शेड्युलरमधल्या 'शेवटचा निकाल 0' वर जाऊ नका. शून्य म्हणजे बॅकअप झाला असं नव्हे, चालवलेला प्रोग्रॅम 'मी ठीक संपलो' एवढंच म्हणतोय. गंमत म्हणजे रोबोकॉपी फाइल्स नेतो तेव्हा 1 देतो, न्यायला काहीच नसेल तर 0. पुतण्यानं हे सांगितल्यावर मला हसावं की रडावं कळेना. टास्कची हिस्ट्री विंडोजमध्ये बहुतेक वेळा मुळातच बंद असते, ती आजच चालू करून घ्या. टास्क 'कुणी लॉग-ऑन असेल तरच चालव' असा लावलाय का तेही बघा.

आमचं कसंबसं निभावलं. डिस्क पुण्याला डेटा रिकव्हरीला दिली, 38,000 रुपये. पीडीएफ बऱ्याचशा आल्या, टॅलीच्या तीन पार्ट्यांचा डेटा मात्र उघडेना. मग पोर्टलवरून जीएसटीआर-1 आणि 2बी (विक्रीचे आणि खरेदीचे जीएसटी तपशील) उतरवून, बँकांची स्टेटमेंट मागवून, दोन मुलं लावून पुन्हा एन्ट्री केली, त्याचे 46,000. एकूण 1,92,560. सरकारनं ऑडिटची मुदत 30 सप्टेंबरवरून 7 ऑक्टोबर केली म्हणून वाचलो. तरी 14 वर्षांची एक किराणा होलसेलची पार्टी गेली. शेठ काही बोलले नाहीत. माणूस पाठवून फाइली नेल्या.

आता दाद मागायची कथा. 1930 वर फोन केला, त्यांचं म्हणणं बरोबरच होतं, तो नंबर खात्यातून ऑनलाइन पैसे गेले तर. माझे पैसे मी स्वतः चेकनं दिलेले. पोलीस ठाण्यात गेलो. "काय चोरीला गेलं?" डेटा. "म्हणजे कॉम्प्युटर?" नाही, कॉम्प्युटर आहे. "मग गेलं काय?" बॅच फाइल छापून नेली होती, रेमखाली लाल रेघ ओढून. साहेबांनी कागद उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "त्यानं काम नीट केलं नाही, हा दिवाणी वाद आहे." मी म्हटलं, साहेब, नीट केलं नाही असं नाही, न करता केल्याचं दाखवलं आणि त्याचे पैसे घेतले, ही फसवणूक. मग प्रश्न आला की गुन्हा 2022 चा धरायचा की 2024 चा. कारण 1 जुलै 2024 पासून 420 जाऊन न्याय संहितेचं 318 आलंय, आणि माझे दोन हप्ते त्या तारखेच्या आधीचे, एक नंतरचा. यावर दोन हवालदारांची माझ्यासमोर अर्धा तास चर्चा. शेवटी अर्ज घेतला, शिक्का दिला. सायबरकडे पाठवतो म्हणाले. सायबरवाले म्हणाले, आमच्याकडे आलेला नाही. ठाण्यात म्हणाले, पाठवलाय. पाच चकरा. पाचव्या वेळी साहेबांचीच बदली झालेली. नव्या साहेबांचा पहिला प्रश्न: "काय चोरीला गेलं?"

वकील म्हणाले, आयटी कायद्याखाली राज्याच्या आयटी सचिवांकडे भरपाई मागता येते, पण कॉम्प्युटरला हात लावायची परवानगी तुम्हीच दिली होती, तेव्हा परवानगीशिवाय हात लावण्याबद्दलचं कलम 43 कसं बसतंय ते बघावं लागेल. त्यात ते सचिव मुंबईला. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंत फी नाही, हे एक बरं. पण पहिल्याच तारखेला आक्षेप: व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणाऱ्याला कायद्यात सूट आहे, पण मग चार माणसं पगारावर कशी, याचं उत्तर द्या. म्हणजे चार घरांना पगार देतो हा माझा दोष!

सगळ्यात लाजिरवाणं शेवटी सांगतो. त्याच्या बिलावरचा जीएसटी नंबर मी कधी तपासलाच नाही. लोकांचे नंबर तपासून द्यायचे पैसे घेणारा मी. पोर्टलवर लॉगिनसुद्धा लागत नाही, अर्ध्या मिनिटाचं काम. माझी उलाढाल कमी, मी नोंदणीत नाही, त्यामुळं भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट, घ्यायचं नव्हतं आणि 2बी मध्येही काही दिसायचं नव्हतं. नंबर मार्च 2022 पासून रद्द. माझ्याकडून जीएसटी म्हणून घेतलेले 16,560 रुपये सरळ खिशात. त्याची तक्रार जीएसटी कार्यालयात दिली तर म्हणाले, "तुमचं नुकसान काय? तुम्ही तर क्रेडिट घेतच नाही."

आता मी दर शनिवारी कुठल्याही एका पार्टीचा डेटा बॅकअपमधून वेगळ्या कॉम्प्युटरवर उघडतो, शेवटचं व्हाउचर मोजतो. एक डिस्क घरी कपाटात, पिन काढून. पासवर्ड माझ्या वहीत, वेंडरच्या नाही. डबा घेतलात तर तुमच्यासमोर खोलून डिस्क दाखवायला लावा. रुसला तर रुसू दे.

पुढची तारीख 20 तारखेची. बॅच फाइलच्या प्रिंटसोबत नव्या साक्ष कायद्यातल्या कलम 63 चं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवंय, आणि मूळ कॉम्प्युटरला हात लावू नका असं वकिलांनी बजावलंय. म्हणून कोपऱ्यातला एक तसाच चालू ठेवलाय. दीड वाजला की टिंग होतं. ती मुलगी उठते आणि ओके न दाबता डबा धुवायला जाते.